ओस चॅपेल, नांदती घरे

देवाच्या घरात माणसांनी संसार मांडावा का? हा प्रश्न नुसता उच्चारला तरी आपल्याकडे कुणाच्याही कपाळाला आठी पडेल. सभामंडपात कुणी चूल मांडली, न्हाणी बांधली, दोरीवर कपडे वाळत घातले तर गाव गोळा होईल. २०२३ च्या उन्हाळ्यात लेकीकडे वेल्सला दीड महिना राहण्याचा योग आला आणि हा प्रश्न तिथली साधी, धर्मभोली माणसे शांतपणे एकमेकांना विचारताना मी ऐकला. त्यांचे उत्तर काय, यापेक्षा ती त्या उत्तरापर्यंत कशी येतात, हे मला सांगावेसे वाटते. कारण प्रश्न दिसतो तेवढा परका नाही.

मुलगी वेल्सच्या वायव्येला, ग्विनेद परगण्यात, डॉक्टर आहे. ती कामावर गेली की मी पायी हिंडायचो. डोंगर, मेंढ्या, दगडी कुंपणे आणि दर दोन वळणांवर एक चॅपेल. आपल्या मनात चर्च म्हटले की उंच मनोरा येतो, तसे हे नव्हे. करड्या दगडाची पेटीसारखी इमारत, दोन उंच कमानदार खिडक्या, वर स्लेटचे छप्पर. दर्शनी भिंतीवर नाव आणि बांधल्याचे वर्ष कोरलेले. गर्दी वाढली म्हणून पुढे वाढवले असेल तर तेही वर्ष. नावे सगळी बायबलातली : बेथेल, सालेम, सोअर, होरेब, एबेनेझर. आणि कितीतरी दारांना कुलूप.

ही चॅपेले राजाने बांधली नाहीत, सरदारानेही नाहीत. राज्याचा अधिकृत चर्च इंग्रजी जमीनदारांचा, असे तिथल्या शेतकऱ्यांना आणि खाणकामगारांना वाटे. त्यांनी आपल्या कमाईतून वर्गणी काढून आपल्या भाषेतली प्रार्थनाघरे उभी केली. १८५१ साली इंग्लंड-वेल्समध्ये उपासकांची मोजदाद झाली, तेव्हा वेल्समध्ये दर पाचांतले सुमारे चार या चॅपेलांतून बसलेले आढळले. ज्या शाळेत वेल्श बोलले म्हणून मुलाच्या गळ्यात लाकडी फळी अडकवली जाई, त्याच गावच्या चॅपेलात रविवारची शाळा वेल्शमध्ये भरे आणि तीत मुलांबरोबर म्हातारेही अक्षरे गिरवत. विल्यम मॉर्गन यांनी केलेले बायबलचे वेल्श भाषांतर १५८८ साली छापले गेले, ते यांचे पाठ्यपुस्तक. हे वर्ष ऐकून मी थबकलो. नाथांनी पैठणला ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली. चार वर्षांच्या अंतराने जगाच्या दोन टोकांना दोन लोकभाषांनी आपापला ग्रंथ नीट बांधून ठेवला. आपल्याकडे तो वारीने सांभाळला, त्यांच्याकडे चॅपेलाने.

आपला संबंध याहूनही जवळचा आहे. १८४१ साली टॉमस जोन्स हा वेल्श मिशनरी चेरापुंजीला आला आणि त्याने खासी भाषा रोमन लिपीत लिहायला घेतली. त्या मिशनचा खर्च अशाच चॅपेलांतल्या पेटीत पडणाऱ्या पैशांतून निघे. आणखी एक गंमत. 'सालेम' नावाचे एक चित्र तिथल्या जुन्या घरांतून अजून दिसते. शाल पांघरलेली म्हातारी चॅपेलात आपल्या जागेकडे चालली आहे. १९०८ सालचे हे व्हॉस्परचे चित्र घरोघर पोचले ते सनलाइट साबणामुळे. ठरावीक साबण घेतला की चित्राची छापील प्रत मिळे. आपल्या आज्यांनी ज्या साबणाने लुगडी धुतली, त्याच साबणाने तिकडे भिंतीवर देवाची जागा टांगली.

मग हे सारे रिकामे का झाले? आकडे स्पष्ट आहेत. १९११ साली वेल्समध्ये शेकडा ४३ हून अधिक लोक वेल्श बोलत. २०२१ च्या जनगणनेत ते प्रमाण १७.८ वर आले, म्हणजे सुमारे पाच लाख अडतीस हजार माणसे. ग्विनेद हा बालेकिल्ला, तिथे अजून ६४ टक्के. त्याच जनगणनेत वेल्समधल्या ४६.५ टक्के लोकांनी आपल्याला कोणताच धर्म नाही असे लिहिले. एकीकडून देव गेला, दुसरीकडून भाषा ओसरली, आणि दोघांचे घर एकच होते. एक गाव तर चॅपेलासकट पाण्यात गेले. लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी धरण बांधून १९६५ साली कापेल केलिन हे खेडे बुडवले. गावाच्या नावातच 'कापेल' आहे. धरणांची कहाणी आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पण आजचे दुखणे वेगळे आहे. डोंगर आणि समुद्र सुंदर, म्हणून शहरातले पैसेवाले तिथे घरे घेतात. वर्षातले चार-सहा आठवडे येतात, एरवी खिडक्या काळ्या. घरांच्या किमती चढतात आणि गावातल्या सुताराला, शिक्षिकेला, दवाखान्यातल्या परिचारिकेला घर मिळत नाही. १९७९ पासून दहा-बारा वर्षे काही गुप्त टोळक्यांनी अशी रिकामी सुट्टीघरे जाळली. त्या वाटेने काही साधले नाही. पुढे कायद्याची वाट निघाली. एप्रिल २०२३ पासून वेल्समधल्या परिषदांना अशा दुसऱ्या घरांवर तीनशे टक्क्यांपर्यंत जादा घरपट्टी लावता येऊ लागली, आणि ग्विनेदने त्या वर्षी दीडशे टक्के जादा लावली.

या दोन दुखण्यांची गाठ चॅपेलाच्या दारात पडते. इमारत रिकामी आहे आणि माणसांना घर नाही. मग तिथे फ्लॅट का करू नयेत?

लेकीच्या शेजारी एक आजोबा राहत, त्या गावच्या चॅपेलाचे शेवटच्या काही सभासदांपैकी एक. कुंपणावरून आमच्या गप्पा होत. दोघांचेही इंग्रजी शाळेत शिकलेले, त्यामुळे छान जमायचे. गावातल्या मंडळींनी त्या चॅपेलात सहा फ्लॅट करायची योजना मांडली होती. पण चॅपेल धर्मादाय मालमत्ता. विकताना शक्य तेवढी चांगली किंमत मिळवावी, अशी विश्वस्तांवर कायद्याने जबाबदारी असते. शहरातला माणूस सुट्टीघरासाठी जी रक्कम देईल ती गावाने कुठून आणायची? मी विचारले, "तुम्हाला वाईट नाही वाटणार?" ते म्हणाले, "वरच्या गॅलरीत माझी आजी बसायची. तिथं उद्या कुणाची तरी मोरी होईल. होऊ दे. पण जे घर वर्षातून तीन आठवडे उघडणार, त्याला माझं मत नाही."

काम सोपे नसते, हेही त्यांच्याकडूनच कळले. चॅपेल म्हणजे एकच उंच दालन. मधे मजला घातला की तो नेमका खिडकीच्या पोटातून जातो. म्हणून मजल्याची कड भिंतीपासून आत घेतात, खिडकी अखंड ठेवतात. इमारत संरक्षित यादीत असेल तर दर्शनी भाग, कधी व्यासपीठ आणि त्यापुढची वडीलधाऱ्यांची बैठकसुद्धा हलवता येत नाही. छपरात वटवाघळे असली तर १९८१ पासून त्यांना कायद्याचे अभय आहे. त्यांची पाहणी झाल्याशिवाय स्लेट काढता येत नाही. अंगणात कबरी असल्या की तिथे वाहनतळ होत नाही आणि नातेवाइकांची ये-जा खुली ठेवावी लागते. जुन्या दगडी भिंतीला चुनाच हवा, सिमेंटने ओल आत कोंडते. एवढे सगळे करून भाडे गावाला परवडेल असे ठेवायचे, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय गत नाही.

आणि 'गावाला' म्हणजे कुणाला? माझे कान इथे टवकारले. १९९० च्या नियोजन कायद्याच्या १०६ व्या कलमाखाली करार करून घर स्थानिकांसाठी राखता येते. तो करार जमिनीला चिकटतो. मालक बदलला तरी अट सुटत नाही. मात्र स्थानिक कोण, हे तिथल्या रहिवासावरून, कामावरून ठरते. भाषेवरून नाही. मी मुलीला म्हटले, "म्हणजे काही वर्षांनी तूही स्थानिक?" ती हसून म्हणाली, "बाबा, तुमचा नातू आताच आहे." नातवाची शाळा वेल्शमध्ये चालते. तो माझ्याशी मराठीत बोलतो, टीव्हीशी इंग्रजीत आणि शेजारच्या आजोबांशी वेल्शमध्ये. ज्या भाषेसाठी ती चॅपेले उभी राहिली, ती बोलणाऱ्यांत बेळगाव जिल्ह्यातल्या मराठी घरातला एक पोरगा वाढला. का? तर त्याच्या आईबापांना त्या गावात भाड्याने घर मिळाले. भाषा अशी वाढते. भिंतींवर लिहिलेल्या नावांनी नाही.

हे सगळे सांगायचे कारण आता सांगतो. आमच्या तालुक्याच्या गावी एक मराठी वाचनालय आहे. आजोबांच्या पिढीने धान्याच्या पायल्या विकून बांधलेले, दुमजली. खाली वाचनकक्ष, वर व्याख्यानांचे दालन. १९५६ नंतर राज्य बदलले, पण आमचा रतीब चालू राहिला. वरचे दालन मात्र बरीच वर्षे बंद आहे. व्याख्यानाला माणसे येत नाहीत. खाली रोज सात-आठ जण येतात, त्यांत मी एक. आता एका बिल्डरने प्रस्ताव दिला आहे : इमारत पाडून दुकाने काढायची आणि मागच्या बाजूला वाचनालयाला एक खोली द्यायची. रक्कम मोठी आहे.

कार्यकारिणीत मी वेगळी सूचना ठेवली. वरच्या दालनाच्या पाच-सहा खोल्या करू. खिडक्या तशाच, जुना सागवानी जिना तसाच. कणकुंबी, जांबोटीकडच्या जंगलपट्टीतल्या पोरी दहावीनंतर कॉलेजला येऊ शकत नाहीत, कारण संध्याकाळची एसटी चुकली की घर दूर. त्यांना आणि आडगावच्या शिक्षिकांना परवडेल अशा भाड्याने त्या खोल्या देऊ. खाली वाचनकक्ष राहील. भाड्यातून मासिकांची वर्गणी आणि छपराची कौले निघतील.

गरमागरम चर्चा झाली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "वाडवडिलांनी जागा वाचनासाठी दिली, बिऱ्हाडासाठी नव्हे." त्यांचे म्हणणे खोटे नाही. देणगीच्या कागदात तेच लिहिले आहे आणि वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. दुसऱ्याने विचारले, "कानडी पोरगी आली तर?" मी म्हटले, "आपल्याच तालुक्यातली ना? येऊ दे. आपल्या घरी तरी कोण एकाच भाषेत बोलतं?" खाली उतरताना रोज तिला मराठी पुस्तकांच्या कपाटांवरून जावे लागेल. आम्ही शेजारी कानडी मासिकेही ठेवू. शेवटी आमचा शिपाई, जो गेली कित्येक वर्षे ती कपाटे झाडतो आहे, दारातून बोलला, "मास्तर, पुस्तकं झाडायला मी हाय की. पर वाचायला माणूस गावात ऱ्हायला पायजे."

वेल्समधल्या त्या चॅपेलाचे अजून काही ठरलेले नाही. कागद फिरत आहेत असे मुलगी फोनवर सांगते. आमचे मात्र ठरायचे आहे. निर्णय काहीही होवो, तो बिल्डरच्या कचेरीत नव्हे, वाचनालयाच्या सतरंजीवर व्हावा एवढेच मागणे आहे. सर्वसाधारण सभा भाऊबीजेनंतरच्या रविवारी सकाळी दहाला आहे. वर्गणी थकलेल्या सभासदांनीही यावे. थकबाकी दारातच भरून घेतली जाईल.