तपासणीच्या टेबलावर

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या मागांवर मास्तरकी करीत असताना माणसाच्या उत्कर्षाविषयी माझे जे मत बनले, ते हजेरीपटावरून बनलेले नाही. तपासणीच्या टेबलावर उलगडलेल्या कापडावरून ते बनले आहे. टेरीत घट्ट आणि सैल असे दोन ताणे असतात. बाण्याचे पहिले दोन धागे कापडाच्या कडेपासून किंचित अलीकडे थांबवून तिसऱ्यासरशी फणी पूर्ण ठोकली, म्हणजे तिन्ही धागे घट्ट ताण्यावरून एकत्र सरकतात व सैल ताण्याचा लूप उभा राहतो. त्या सैल ताण्याचा ताण जरा बिघडला, की लूप ठेंगणे पडतात. हे तळहाताला तत्काळ कळते, परंतु मजुरी नगावर असल्यामुळे विणकराचे चित्त स्वाभाविकपणे लांबीकडे लागलेले असते.

अशा व्यवस्थेत घरी तेलुगू आणि कारखान्यात मराठी बोलणाऱ्या एका तरुणाने एकदा मला म्हटले, “मास्तर, माझा काढून टाकलेला माल मला बघू द्या.” दंडाच्या भयाने किंवा बोनसच्या आशेने ही मागणी कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्याचे बहुतेक दोष तुटलेला धागा जोडून माग पुन्हा सुरू केल्याच्या जागी होते. हात कुशल असूनही वाया गेलेला वेळ भरून काढण्याची घाई आपल्याला अनावर होते, हे त्याने स्वतःच ताडले. शांतपणे करावयाचे काम आपल्याला मानवते, हेही त्याला त्यातूनच उमगले, आणि तो जकार्डच्या नक्षीकामाकडे वळला. १८०४ मध्ये ल्यों येथील जकार्डने ज्या छिद्रांच्या पत्त्यांवर ताण्याचे धागे उचलले, त्या पत्त्यांची जागा पुढे संगणकाने घेतली, तेव्हा नक्षीवरच प्रेम असल्यामुळे तो विनासायास ते नवे तंत्र शिकला.

दुसरा एक उत्तम विणकर जॉबर, म्हणजे विणकरांचा मुकादम, झाला आणि काही काळाने आपण होऊन मागावर परतला. मागाशी तासन्‌तास धीराने वागणारा मी माणसांशी मात्र चिडतो, असे कारण त्याने सांगितले. सहकाऱ्यांनी याला पदावनती मानले. मला तो त्याच्या हयातीतला सर्वांत प्रगल्भ निर्णय वाटतो. कारण बढतीचा अर्ज लिहिणारे मी पुष्कळ पाहिले, आपल्या स्वभावाचा असा निःपक्षपाती पंचनामा करणारे फार थोडे. नव्या माणसाला मी आता त्याची महत्त्वाकांक्षा विचारीत नाही. त्याने विणलेले सदोष नग त्याच्यापुढे ठेवतो आणि तो स्वतः काय बोलतो, ते ऐकतो.