मिशा फुटलेले बालरुग्ण

आमच्या लहानपणी अहमदनगरात लहान मुलांचा डॉक्टर वेगळा आणि मोठ्यांचा वेगळा, ही वाटणी निदान आमच्या माळीवाड्यात तरी कुणाच्या गावी नव्हती. डॉक्टर एकच. गोवर त्यांच्याकडे, आजोबांचा दमा त्यांच्याकडे, आत्याचं बाळंतपण अडलं तर सिव्हिलला न्यायचं की बूथ हॉस्पिटलला, हेही तेच ठरवणार. कंपाउंडर गुलाबी मिक्श्चर बाटलीत ओतायचा आणि तिच्यावर कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा. एक दात म्हणजे एक डोस. फाइल वगैरे भानगड नव्हती. "तिसरीत असताना तुला कावीळ झाली होती ना रे?" हे डॉक्टरांना तोंडपाठ. आपला पेशंट मोठा झाला हे त्यांना कळायचं ते लग्नाची पत्रिका हातात पडल्यावर.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जामखेडमध्ये 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. त्यांनी हीच गोष्ट अधिक शहाणपणानं केली. गावोगावच्या बायकांना, त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. जिनं नाळ कापली तीच त्या पोरीचं वजन बघायची आणि पुढे तिच्या बाळंतपणालाही धावायची. एका हातातून दुसऱ्या हातात पेशंट सोपवायची वेळच फारशी येत नसे.

हे सगळं आठवून गहिवरायला मला आवडतं, पण त्यात एक मेख आहे. जन्मतः हृदयाला छिद्र असलेली, थॅलेसेमियाची, लहानपणीच साखर लागलेली कितीतरी मुलं तेव्हा मोठी व्हायच्या आतच जायची. मग मोठ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं कुणाला?

आमच्या आळीत साखर लागलेला असा एक मुलगा होता. त्याच्या आईची सकाळ स्पिरिटच्या दिव्यानं सुरू व्हायची. परीक्षानळीत 5 मिली बेनेडिक्टचं निळं पाणी, त्यात लघवीचे 8 थेंब, आणि खाली ज्योत. निळं राहिलं तर बरं. हिरवं, पिवळं, नारंगी होत विटकरीवर गेलं की त्या घरात दिवसभर कुणी मोठ्यानं बोलत नसे. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, बोथट झालेली सुई दगडावर घासायची. फ्रीज नव्हता, म्हणून इन्सुलिनची बाटली माठात. ते इन्सुलिन तेव्हा गाईडुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं असे. त्या माळकरी घरात हा विषय कुणी काढत नसे आणि डॉक्टरही काढत नसत. मुलगा जगला, ते निव्वळ आईच्या जिवावर. शिकायला पुण्याला गेला आणि पहिल्याच सहामाहीत बेशुद्ध होऊन दवाखान्यात पोचला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, किती युनिट घेतोस? तो म्हणाला, "आईला माहीत."

आता काडी, ग्लुकोमीटर, पेन सगळं आलं. शेजारी संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांनी अशा मुलांसाठी 'उडान' ही संस्था उभी केली. 2013 पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळांतून मुलं तपासतात. पण ती 18 वर्षांपर्यंतच. त्यानंतर त्या पोरानं कुठल्या दारात उभं राहायचं, हा प्रश्न उरतोच.

नगरच्या सावेडीतले एक बालरोगतज्ज्ञ माझे मित्र आहेत. 'नाव छापायचं नाही' या अटीवर ते बोलतात. त्यांच्या दवाखान्यात भिंतीवर मिकी माउस, लसीकरणाचा तक्ता, आणि त्याखाली बुटक्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसलेला, मिशा फुटलेला सतरा वर्षांचा पेशंट. "भूक कशी आहे?" असं त्याला विचारलं की आई उत्तर देते, "काही खात नाही हो सर." डॉक्टर हात वर करतात. "आई, तुम्ही जरा पाच मिनिटं बाहेर बसता का?"

ही पाच मिनिटं ते तेराव्या वर्षापासूनच सुरू करतात. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ, फॅमिली डॉक्टर आणि फिजिशियन यांच्या तीन संघटनांनी 2011 मध्ये मिळून हेच सांगितलं, की मोठ्यांच्या डॉक्टरकडे जायची तयारी बारा-चौदाव्या वर्षीच सुरू व्हावी. आमचे डॉक्टर म्हणतात, मला ते नंतर वाचायला मिळालं, मी आपला पोरांकडे बघून शिकलो. पोरानं स्वतःच्या हातानं वही लिहायची: आजाराचं नाव, औषधं, युनिट, साखर उतरल्याच्या खुणा. शेवटच्या वर्षी एकदा ते स्वतः फिजिशियनकडे पोराबरोबर जाऊन बसतात. तीन महिन्यांनी फोन करतात, तो पोराच्या नंबरवर, आईच्या नाही.

पाथर्डीकडच्या ऊसतोड घरांत मात्र ही सगळी आखणी कोलमडते. दसरा झाला की कुटुंब कारखान्याच्या फडावर, कोपीत माठ, माठात बाटली. अठराचा झालेला मुलगा कोयता घेतो आणि त्या कष्टात साखर झपकन उतरते. ऊस हाताशी असतो ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट, असं डॉक्टर हसत सांगतात. पण डोस कधी कमी करायचा हे त्याला येतंय का, ते निघण्याआधी तीनदा वदवून घेतात. वहीचे फोटो पोराच्या मोबाइलमध्ये आणि स्वतःच्याही.

त्याहून अवघड मुलींचं. बाप दार लोटून हळूच विचारतो, "स्थळाला सांगायलाच पाहिजे का?" लपवून लग्न झालं की सुई मोरीत जाऊन घ्यावी लागते, चुकते, आणि पहिल्या बाळंतपणात सगळं अंगाशी येतं. गरोदर राहण्याच्या आधीपासून साखर आटोक्यात हवी, हे ते मुलीला लग्नाच्या कितीतरी आधी, आईबापांना बाहेर बसवून सांगतात. बापाला उत्तर एकच: "हे तिला विचारा. आजार तिचा आहे." काही बाप रागावून दुसरा डॉक्टर धरतात. डॉक्टरांना त्याचं वाईट वाटतं, पण वाक्य ते बदलत नाहीत.

जुन्या डॉक्टरांचं सर्वज्ञपण परत यावं असं मला वाटत नाही. हृदयाचं छिद्र त्यांना स्टेथोस्कोपनं ऐकू यायचं, पुढे मुंबईच्या डॉक्टरांना पोस्टकार्ड. चुटपुट लागते ती त्यांच्या स्मरणशक्तीची. ती आता पोरांच्या वहीत उतरवायची, तर त्याला पाच-पाच वर्षं लागतात, आणि त्या वेळाची फी कुठल्याच दरपत्रकात नसते.

एवढं करूनही काहीजण परत येतात. परवा एक जुनी पेशंट सर्दी झालेलं बाळ घेऊन आली. बाळ तपासून झाल्यावर तिनं हळूच हात पुढे केला, "सर, आलेच आहे तर माझीही शुगर बघता का?"

"तुझी नाही," डॉक्टर म्हणाले, "तुझ्या पोराचंच नाक पुसायला आहे मी आता. फिजिशियन मॅडमकडे मागच्या महिन्यात का गेली नाहीस?"