गालाला हात लावून बसलेला बोधिसत्त्व

लहानपणी गालाला हात लावून बसलो की आजी ओरडायची, "असं बसू नये, दळिद्र येतं." चाळीत घरोघरी हीच समजूत. दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल, तेथील राष्ट्रीय संग्रहालयात आजीची आठवण झाली.

पतपेढीचे कर्ज काढून मी आमच्या गटाबरोबर गेलो होतो. संग्रहालयात एका अंधुक दालनात फक्त दोन मूर्ती आहेत. हे दालन २०२१ च्या नोव्हेंबरात खुले झाले. मूर्तींभोवती काच नाही, सगळीकडून फिरून पाहता येते. दोन्ही कांस्याच्या, वर सोन्याचा मुलामा, उंची मीटरभरही नाही. एक सहाव्या शतकाच्या अखेरची, दुसरी सातव्याच्या आरंभीची. उजवा पाय डाव्या गुडघ्यावर, उजव्या हाताची बोटे गालाला जेमतेम टेकलेली, नजर खाली.

आपल्या घरातली बुद्धमूर्ती ध्यानस्थ असते, प्रश्न सुटल्यानंतरची. ही प्रश्न पडलेल्याची! गृहत्यागापूर्वी माणसांचे दुःख पाहून विचारात पडलेल्या सिद्धार्थावरून ही बैठक आली, असे मानतात. शेतावर राबणारे मजूर पाहून प्रश्न विचारणारा सिद्धार्थ बाबासाहेबांच्या ग्रंथात आपण वाचलेला आहे. मला तोच समोर दिसला.

पॅरिसमधला रोदँचा 'विचारवंत' मी फोटोतच पाहिला आहे. तोही कांस्याचा. पण त्याचा देह असा ताणलेला, की विचार करणे म्हणजे जणू हमालीच. इथे ताण शोधावा लागतो.

तो शोधला आमच्यातल्या काकांनी. त्यांची हयात फाउंड्रीत मोल्डर म्हणून गेली. साध्या मुकुटाच्या मूर्तीपुढे वाकून म्हणाले, "भाऊ, अंगठा बघा." उजव्या पायाचा अंगठा किंचित ताठ झालेला! चेहरा शांत, पण आत काय चालले आहे ते पाय सांगतो.

मग त्यांनी ओतकाम समजावले. आत मातीचा गाभा, त्यावर मेणाची मूर्ती, वरून पुन्हा माती. तापवून मेण काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस सोडायचा. मेणात बोटाने उमटवले ते धातूत येते. "एवढ्या पातळ जागेत रस मध्येच थिजला तर सगळं भंगारात," काका म्हणाले.

बसची वेळ झाली तरी ते बाहेरच्या बाकावर बसून होते. गालाला हात.

"काय झालं काका?"

"ओतणाऱ्याचं नाव कुठंच नाही हो लिहिलेलं."