पापुद्र्याची जबानी

श्वेतबटू ताऱ्याचे वातावरण म्हणजे त्याच्या घनदाट देहावरील केवळ एक पापुद्रा. परंतु गाभ्यातील प्रकाश आमच्यापर्यंत थेट पोहोचतच नसल्यामुळे, ताऱ्याच्या कुळाची जी काही चौकशी करावयाची, ती आम्हां वर्णपट वाचणाऱ्यांना बहुतांशी या एकाच साक्षीदाराच्या जबानीवर करावी लागते. सामान्य श्वेतबटू सूर्याच्या सहा दशांश वस्तुमानाचा. १९३० साली मुंबईहून विलायतेस निघालेल्या तरुण चंद्रशेखरांनी बोटीवर श्वेतबटूच्या वस्तुमानाच्या ज्या मर्यादेचे गणित मांडले, आणि जी आज सूर्याच्या सुमारे १.४ पट मानली जाते, तिच्या नजीक गेलेले तारे विरळाच, आणि त्यांच्याविषयीचा वाद हा की ते एका थोर ताऱ्याचे अवशेष, की दोन लहान श्वेतबटूंच्या विलीनीकरणाचे अपत्य.

अशा ताऱ्याचा वर्णपट हाती आला की खरी कसोटी लागते ती हायड्रोजनच्या रेषांपाशी. गुरुत्व इतके प्रचंड, की दाबाने रेषांचे पंख दोन्ही अंगांस पसरतात, जांभळ्या टोकाकडील रेषा तर विरूनच जातात, आणि अखंड प्रकाशाची पातळी कोठे धरावी हे ठरविताना ती केसभर खाली ओढण्याचा मोह होतो. ओढली, की पंख छाटले जाऊन तारा आहे त्याहून हलका ठरतो.

भारी ताऱ्यांत मी अधिक महत्त्व देतो ते कार्बनला. सारथी तारकासमूहातील, १.१४ सौरवस्तुमानाच्या एका ताऱ्यात हायड्रोजनबरोबर कार्बन मिसळलेला असल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. एकट्याने वाढलेल्या ताऱ्यात हा कार्बन हायड्रोजन व हीलियमच्या थरांखाली गाडलेला असतो. तो वर दिसतो, याचा अर्थ विलीनीकरणाच्या दाहात ते थर बहुतांश जळून गेले असावेत. शिवाय या ताऱ्याची गती, निवण्यावरून काढलेल्या वयाला न शोभणारी, वृद्ध ताऱ्यांची आहे. वेगवान भ्रमण आणि तीव्र चुंबकत्व हेही पुरावेच (एक तारा तर सात मिनिटांच्या आत स्वतःभोवती फिरतो), पण चुंबकत्व इतर वाटांनीही येऊ शकते, म्हणून एकट्या त्याच्या जोरावर निवाडा देणे मला प्रशस्त वाटत नाही.

याच सारथीतील, दृश्य प्रकाशात निव्वळ हायड्रोजनचा म्हणून दप्तरी दाखल असलेला, सुमारे १.२ सौरवस्तुमानाचा दुसरा तारा हबल दुर्बिणीने अतिनील प्रकाशात न्याहाळला, तेव्हा त्यातही कार्बनचा अल्प अंश सापडला, आणि हे २०२५ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून ‘हायड्रोजन’ असा शेरा मारून मिटविलेली भारी ताऱ्यांची जुनी प्रकरणे मी पुन्हा काढून बसतो आहे; अतिनील प्रकाश मात्र पृथ्वीचे वातावरण अडविते, आणि हबलच्या वेळेसाठी अर्जदारांची रांग लांब आहे.