कोपऱ्याचा खांब

काळ्या रानात कुंपणाचा मधला खांब कोणीही उभा करील. त्याला दोन्हीकडून सारखी ओढ असते, तो आपसूक तगतो. अडतं ते कोपऱ्याच्या खांबाशी. कळंबच्या आसपास, मांजरा नदीच्या काठानं, जमीन इतकी भारी आहे की खड्डा कितीही खोल न्या, काही ठिकाणी मुरूम लागतच नाही. येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री यात्रा भरते, तोवर या जमिनीला मनगट आत जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. मृगाचं पाणी पडलं की तीच माती फुगते, खांबाला आवळते आणि वर उचलते. पुढच्या उन्हाळ्यात माती खाली बसते, खांब मात्र बसत नाही. त्याच्या बुडाखालच्या पोकळीत एव्हाना भुसभुशीत माती शिरलेली असते. असा तो बोट बोट वर येत राहतो आणि तारेच्या ओढीनं आत झुकतो.

माझं सगळं काम जुन्या सामानाचं. परसबागेच्या कुंपणाला माळवदाची लाकडं, वेलाच्या मांडवाला द्राक्षबागेची तार, ताटीला तुराट्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरकडे भूकंपानं दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि आमच्याकडेही माळवदाची धास्ती बसली. पुढं हळूहळू माळवदं उतरली, पत्रे चढले. तुळया, कड्या, खांब उकिरड्याच्या कडेला येऊन पडले. नंतर दुष्काळ. धनेगावचं मांजरा धरण आटलं, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. त्या दिवसांत वाळलेल्या बागांची दहा गेजची तार वेटोळी होऊन भंगारात निघाली आणि फेल गेलेल्या बोअरचे केसिंग पाईप बांधावर लोळू लागले. आमच्या भागात टाकाऊ सामान म्हणजे कोणाची तरी मोडलेली उमेद असते. ते वाकडं उभं केलेलं मला सोसत नाही.

म्हणून कोपऱ्याच्या खांबाची एवढी खटपट. सागवान असो की बाभळीचा नार, लाकूड जातीचं आहे एवढ्यानं भागत नाही. खड्ड्यात सिमेंट ओतलं तर माती त्या गठ्ठ्यालाच धरते आणि खांबासकट उचलते. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं अशाच जमिनीतल्या इमारतींसाठी बुडाशी फुगीर असलेले पाये विकसित केले. वरची माती ऋतूप्रमाणे हलते, खोलवरची फारशी हलत नाही. पकड खाली द्यायची, हे त्यातलं मर्म. माझ्या ऐपतीत ते असं उतरलं: खांबाच्या बुडाला कडीचा तुकडा आडवा ठोकायचा, तो खोल गाडायचा आणि वरच्या दोन-अडीच हातांवर केसिंगचा तुकडा चढवायचा. मातीनं पाईप आवळावा, खांबापर्यंत पोचू नये. पाईप आणि लाकूड यांच्यामध्ये जाड वाळू.

यानं खांब वर येणं थांबलं, कलणं थांबलं नाही. आतून तिरका धिरा द्यावा, तर त्याचा पाय ज्या धोंड्यावर टेकतो तो धोंडाही मातीबरोबर वरखाली होतो आणि खांबाला ढकलतो. धोंडा मोठा घेऊन पाहिला, पसरट घेऊन पाहिला. रात्री अंथरुणावर पडल्यावरही मी त्या धोंड्याखालची माती उकरत असतो.

यंदा उजव्या अंगठ्याचा सांधा धरला. पक्कड मुठीत राहीना, तार ओढणं संपलं. ते काम पुतणीकडे गेलं. तिच्या हाताला माझ्याइतका जोर नाही, म्हणून तिनं कोपऱ्याजवळ दोन तारा जोडीनं घेतल्या, मध्ये लाकडाचा तुकडा अडकवला आणि पीळ देत ताण आणला. मी म्हणालो, अजून आवळ. ती म्हणाली, "काका, थोडा पीळ हातचा राखू. वैशाखात तार ढिली पडते तेव्हा वाढवू, थंडीत आखडते तेव्हा सोडू." बोलणं रास्त होतं. पण तारेवर नख मारलं की खणकन आवाज यायला हवा, हे माझ्या कानांना इतकं भिनलंय की तिची मऊ तार पाहून जीव कासावीस होतो.

हल्ली लोकांना कुंपण एका दिवसात हवं असतं. सिमेंटचे तयार खांब, साखळीची जाळी, रानडुकरांसाठी झटका मशीन. ज्याचं उभं पीक डुकरांनी लोळवलं त्याला मी काय शिकवावं? त्यानं मशीन जरूर लावावं. चीड येते ती दोडक्या-कारल्याच्या नायलॉन जाळीची. उन्हानं ती कुजकी होते, वेलासकट ओरबाडली जाते आणि तिचे तुकडे वाफ्यात उरतात. तुराट्यांची ताटीही फार टिकत नाही, पण मोडली की चुलीत जाते किंवा खतात. आणि राग आहे तो नक्षीचे जुने खांब शहरातल्या हॉटेलांच्या भिंतींवर शोभेला लावणाऱ्यांचा. लाकडात अजून जोर असताना त्याला काहीच पेलायला न देणं मला बघवत नाही.

माझीही हौस लपवण्यासारखी नाही. कोरीव खांब मिळाला की नक्षीची बाजू मी रस्त्याकडे करतो. मालकाला ती आत हवी असली तरी समजूत घालून बाहेर करतो. कळंब-येरमाळा एसटीत खिडकीशी बसून माझे कोपरे मोजतो, दुसऱ्यांचे नजरेच्या ओळंब्यानं तपासतो. यंदाच्या कुंपणाचा ताण पुतणीच्या हातचा आहे. तरी बघणाऱ्यानं "हे काकांचं काम" म्हणावं असं वाटतं, आणि तसं कोणी म्हटलं तेव्हा मी तिचं नाव लगेच घेतलं नाही.

धिऱ्याचं मात्र अजून डोक्यात आहे. खांबाला केसिंग लागू पडलं तर धिऱ्याच्या पायाला का नाही? धोंडा वर न ठेवता केसिंगमधून खाली, न हलणाऱ्या मातीवर उतरवायचा. एका बांधावर रुंद पाईपचा तुकडा पडलेला पाहून ठेवलाय. मालकाला विचारलंय, तो फुकट न्या म्हणतो. खड्डा पुतणी खणेल, ओळंबा मी धरीन.