पायातली वल्ही

मंचरला पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला आमचं पंक्चरचं दुकान, वडिलांच्या काळापासूनचं. जुन्या ट्यूबा न्यायला येणारी गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. कुणाला रबराच्या पट्ट्या हव्या असायच्या, कुणाला पोरांना विहिरीत पोहायला शिकवायला अख्खी ट्यूब. आणि डिंभ्याकडचे मासेवाले यायचे ट्रकची मोठी ट्यूब घ्यायला. त्यांच्याइतकी कडक पारख कुणाची नाही. ठिगळं किती, व्हॉल्व्हचं बूड सुटलंय का, रबर कुठं चिरलंय का, सगळं बोटांनी चाचपून बघणार. त्यांचंही खरंच आहे. ट्रकची ट्यूब बसली तर ट्रक रस्त्यात उभा राहतो, यांची बसली तर माणूस बुडतो.

डिंभ्याचं धरण घोड नदीवरचं, कुकडी प्रकल्पातलं. जलाशयाला नाव हुतात्मा बाबू गेनूचं. तो आमच्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. १९३० साली मुंबईत परदेशी कापडाची लॉरी अडवताना गेला. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं, ते गावच या पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाच्या खुणा वर येतात.

इथले महादेव कोळी नावानं कोळी, पण पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतारावर भात पिकवणारे. मासेमारी हा त्यांचा बापजाद्यांचा धंदा नव्हे. वावरं पाण्यात गेली तेव्हा त्यांनी आणि कातकऱ्यांनी त्याच पाण्यात जाळी टाकली. पुढं आदिवासींची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या उपक्रमातला इक्वेटर पुरस्कार मिळाला. हे सगळं झालं, तरी होडी काही प्रत्येकाच्या दाराशी आली नाही. ज्याला होडी नाही त्याची ट्यूब.

आमच्याकडं येणारे एक मामा होते. नात्याचे नव्हेत, पण वडील त्यांना दाजी म्हणायचे म्हणून आम्ही मामा म्हणायचो. ट्यूबवर आडवी फळी टाकून बसायचे, हातात दोन फळकुटं घेऊन पाणी मारत जायचे. रोहू, कटला, चिलापी, मिळेल ते धरायचे. एका पावसाळ्यानंतर त्यांचा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, आता वल्हवणं बंद.

मी म्हटलं, “मामा, मग होडीचंच बघा ना.”

“आरं, होडी घ्यायला आधी मासं धरावं लागत्यात, अन् मासं धरायला होडी लागती,” मामा हसले. मग जरा वेळानं म्हणाले, “माझं वावर हाय तिथं खाली. त्याच्यावरच जाळं टाकितो मी. आता ते बी सोडू का?”

यावर काय बोलणार? माझा मुलगा तेव्हा पुण्यात शिकत होता, पोहायला जायचा. तो म्हणाला, “परदेशात हौशी लोक अशाच ट्यूबमध्ये बसून मासे धरतात. हातानं वल्हवत नाहीत, पायात फिन घालतात.” त्यांच्याकडंही सुरुवात ट्रकच्याच ट्यूबपासून झाली होती; मधोमध कापडाची झोळी बांधून बसायचे. फिन म्हणजे बदकाच्या पायासारखं रबराचं पातं. फ्रेंच नौदलातल्या लुई द कोर्लियू नावाच्या अधिकाऱ्यानं १९३३ साली त्याचं पेटंट घेतलं.

मुलाचा एक मित्र तारकर्लीला समुद्रात बुड्या मारायला जायचा. त्याची लांब पात्यांची जोडी आम्ही आधी मागून आणली. पैसे घालण्यापूर्वी अंदाज येईल, एवढाच हेतू. फळी काढून ट्यूबच्या पोटात नायलॉनच्या पट्ट्यांची झोळी बांधली. मामा बसले, काठालगत पाय मारून पाहिले. पातं घडीघडी पाण्याबाहेर येऊन फटका मारी आणि समोर सोडलेल्या जाळ्यात अडके. थोड्याच वेळात पोटरीत गोळा आला.

कारण साधं आहे. लांब पातं पालथं पोहणाऱ्यासाठी असतं. त्याचा पाय सरळ असतो, जोर मांडीतून येतो. ट्यूबमध्ये माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो, गुडघा वाकलेला. पाय पुढं झटकायचा आणि पाठीमागं सरकायचं. तिथं पातं आखूड हवं, पण रुंद. फार कडक असेल तर गुडघा आणि पोटरी भरून येते. फार मऊ असेल तर वाऱ्यापुढं ट्यूब हलत नाही. हातानं वाकवावं, जोर लावल्यावर वाकलं पाहिजे आणि सोडलं की चटकन सरळ झालं पाहिजे. दोन नळकांड्यांवर उंच आसन असलेल्या पाँटून नावेची गोष्ट निराळी. तिथं पाय जेमतेम पाण्यात पोचतो आणि लांबच्या पल्ल्याला वल्ही असतातच, म्हणून थोडं लांब, कडक पातंही चालतं.

दुसरी गोष्ट टाचेची. काही फिन बुटासारखे बंद असतात, अनवाणी पायात घालायचे. मापात जरा फरक पडला तर एक तर चावतात, नाही तर गळून पडतात. आमच्या काठाला गाळ आणि दगड. अनवाणी चालणं कठीण. म्हणून मागं पट्टा असलेले घेतले, कॅनव्हासच्या बुटावर बसतील असे. बूट घालूनच दुकानात जायचं आणि माप बघायचं.

तिसरी गोष्ट तरंगण्याची. काही फिन पाण्यात दगडासारखे तळाला जातात. पायातून सुटला तर गेला, आणि मग माणूस एका पायानं गोल गोल फिरत बसणार. आमच्याकडं पंक्चर शोधायची पाण्याची टाकी होतीच. आणलेली जोडी आधी तिच्यात टाकली. तरंगली, तेव्हाच ठेवून घेतली. तरीही जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून प्रत्येक फिन घोट्याला बांधायची सोय केली. फिन घालून पुढं चालायचं नाही, तोंडघशी पडायला होतं. काठावरून उलटं चालत पाण्यात शिरायचं. अंगात लाइफ जॅकेट हवंच. हवेची एकच ट्यूब, आणि खाली बुडालेल्या झाडांचे खुंट. शिवाय ट्यूब उन्हात टम्म फुगवून ठेवायची नाही, तापल्यावर हवा वाढते.

मामांना पाय बसायला आठवडा लागला. सुरुवातीला घाईघाईनं मारायचे, दमायचे. मग संथ, लांब लय सापडली. फायदा मात्र आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आला नव्हता तो त्यांनीच सांगितला. ट्यूब मागं सरकते आणि जाळं समोर सुटत जातं. पूर्वी थोडं वल्हवायचं, थांबायचं, थोडं सोडायचं. मध्येच वारा ट्यूब फिरवायचा आणि जाळं गुंतायचं. आता दोन्ही हात जाळ्याला. दुखरा हात मांडीवर ठेवून नुसता दोर सरकवायचा.

“बैल मागं लावून औत धरल्यावानी हाय बघ,” मामा म्हणाले. “पर सरी सरळ पडती.”

त्यानंतर ते बरीच वर्षं डिंभ्यावर जात राहिले. आता मोठ्या गाड्यांनाही ट्यूबलेस टायर आलेत, जुन्या ट्यूबा पूर्वीसारख्या मिळत नाहीत. चांगली एखादी निघाली की मी विकत नाही, बाजूला काढून ठेवतो. मामांचा नातू येतो न्यायला. फिनची जोडी तीच वापरतो. एक पट्टा मी दोनदा बदलून दिलाय.