व्हिएन्नात बीथोव्हेन ऐकताना

व्हिएन्नाला जाणारे बहुतेक पर्यटक राजवाडे पाहतात, कॉफीबरोबर केक खातात आणि मोझार्टचं चित्र असलेली चॉकलेटं घेऊन परततात. तुमच्या हाताशी एक दिवस जास्त असेल, तर तो बीथोव्हेनसाठी ठेवा. १७९२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो जर्मनीतल्या बॉन शहरातून इथे आला आणि १८२७ मध्ये इथेच वारला. या काळात त्याने कितीतरी घरं बदलली आणि त्याचं संगीतही पार बदलत गेलं. हा बदल ऐकायला पाश्चात्त्य संगीताची माहिती लागत नाही. फोन चार्ज करा, इअरफोन घ्या आणि निघा.

मिखाएलर चौक : गुरूंच्या वाटेवर

हॉफबुर्ग राजवाड्यासमोरच्या या चौकात जुनं बुर्ग थिएटर होतं. आज ती इमारत उरलेली नाही. २ एप्रिल १८०० ला इथे त्याची पहिली सिंफनी वाजली. त्याच कार्यक्रमात मोझार्टचं आणि त्याचे गुरू हायडन यांचं संगीतही होतं. ही सिंफनी ऐका. जेमतेम पंचवीस मिनिटांची, नेटकी आणि प्रसन्न. घराण्याची तालीम नीट घेतलेला तरुण गायक जसा वाटतो, तशीच ती वाटते. फक्त पहिलाच स्वरमेळ त्या काळच्या श्रोत्यांना चकवणारा आहे. हा मुलगा फार दिवस सांगितल्या वाटेने चालणार नाही, याची ती पहिली खूण.

हायलिगेनश्टाट : न पाठवलेलं पत्र

यू-४ मेट्रोने शेवटच्या स्टेशनापर्यंत जा आणि पुढे बस घ्या. द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी वसलेलं हे एकेकाळचं खेडं आता शहराचाच भाग आहे. प्रोबुसगासे या गल्लीतल्या घरात आज बीथोव्हेन संग्रहालय आहे.

कान अधू होत चालले होते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने १८०२ मध्ये तो इथल्या शांततेत राहायला आला. ऑक्टोबरमध्ये त्याने दोन भावांना उद्देशून एक पत्र लिहिलं. शेजारच्या माणसाला लांबून बासरी ऐकू येते आणि आपल्याला काहीच येत नाही, ही लाज त्यात आहे. जीव द्यावासा वाटला होता, पण आतलं संगीत बाहेर आल्याशिवाय जाणं जमेना, असंही त्यात आहे. ते पत्र त्याने कधी पाठवलं नाही. मृत्यूनंतर ते त्याच्या कागदांत सापडलं.

त्यानंतर त्याने लिहिली तिसरी सिंफनी, ‘एरोइका’. संग्रहालयातून बाहेर पडून ओढ्याकाठच्या ‘बीथोव्हेनगांग’ या पायवाटेने चालताना ती ऐका. सुरुवातीला दोन ठोके, आणि मग सगळा बांध फुटतो. लांबी जवळपास पन्नास मिनिटं, म्हणजे पहिलीच्या दुप्पट. ती आधी नेपोलियनला अर्पण करायची होती. तो सम्राट झाल्याचं कळताच बीथोव्हेनने त्याचं नाव खोडून टाकलं.

थिएटर अॅन डेर वीन : थंडीतले चार तास

नाशमार्क्ट हा भाजीबाजार आणि खाऊगल्ली एकत्र असलेला भाग. पोटपूजा इथेच उरका. शेजारच्या या थिएटरात १८०५ मध्ये एरोइका पहिल्यांदा जाहीरपणे वाजली आणि अनेकांना ती फारच लांबलचक वाटली. २२ डिसेंबर १८०८ ला, कडाक्याच्या थंडीत, बीथोव्हेनने इथे सुमारे चार तासांचा कार्यक्रम केला. पाचवी आणि सहावी सिंफनी त्याच संध्याकाळी पहिल्यांदा लोकांसमोर आल्या.

मुलं बरोबर असतील तर पाचवी लावा. सुरुवातीचे चार स्वर त्यांनी कुठेतरी नक्की ऐकलेले असतात. तेवढ्याच तुकड्यातून सगळा पहिला भाग कसा उभा राहतो, ते त्यांना शोधायला सांगा. आपल्याकडे छोट्या मुखड्याची बढत करतात, त्याची आठवण येईल.

सखर हॉटेल : टाळ्या दिसल्या

ऑपेरा हाउसच्या मागचं हे प्रसिद्ध हॉटेल जिथे आहे, तिथे पूर्वी कर्टनरटोर थिएटर होतं. ७ मे १८२४ ला तिथे नववी सिंफनी वाजली. वाद्यांच्या या प्रकारात त्याने शेवटी चक्क माणसांना गायला लावलं. तोवर त्याला जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं. टाळ्या कडाडल्या तेव्हा तो पाठमोरा होता. कारोलिने उंगर या गायिकेने त्याला प्रेक्षकांकडे वळवलं.

इतकं यश मिळाल्यावर कुणीही तसंच आणखी एक भव्य काम केलं असतं. बीथोव्हेन मात्र चार वादकांकडे वळला. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो.

मध्यवर्ती दफनभूमी : शेवटचं ऐकणं

७१ नंबरची ट्राम घ्या आणि दुसऱ्या फाटकाशी उतरा. त्याला आधी वेहरिंगला पुरलं होतं. १८८८ मध्ये अवशेष इथे आणले. शेजारीच शूबर्ट आहे. बीथोव्हेनच्या अंत्ययात्रेत तो मशाल धरून चालला होता आणि पुढच्याच वर्षी गेला.

इथे बाकावर बसून ओपस १३१ हे क्वार्टेट लावा. सात भाग, मध्ये एकही थांबा नाही. कुठे ठोका नाही, विजय नाही. ते एका सावकाश, एकट्या सुराने सुरू होतं. याच काळातलं ‘ग्रोसे फुगे’ तर इतकं खडबडीत, की प्रकाशकाने मूळ क्वार्टेटसाठी दुसरा शेवट मागून घेतला. बहिरेपणाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण या बाकावर बसल्यावर वेगळंच जाणवतं. जे हातखंडा झालं होतं, लोक ज्यासाठी टाळ्या वाजवत होते, ते बाजूला ठेवायची हिंमत त्याने शेवटपर्यंत दाखवली.

संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेव्हा दिवस बघून ठरवा. आणि व्हिएन्नाला जाणं जमणार नसेल, तर घरीच याच क्रमाने ऐका : पहिली, तिसरी, पाचवी, नववी आणि ओपस १३१. सगळं मिळून पावणेचार तासांच्या आसपास होतं. रोज एक ऐकलंत, तर सोमवार ते शुक्रवारात एका माणसाची पंचवीस वर्षं तुमच्या कानांवरून जातील.